दगडापेक्षा वीट मऊ!

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान झाले की डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडावे, त्याचा कडू रस जिभेला लावावा आणि मगच फराळाच्या ताटाकडे वळावे, अशी आपल्याकडे पुष्कळ घरी रीत आहे. आधी कडू, मग गोड. कथा-कवितांच्या चकल्या-करंज्यांत म्हणूनच हे एक कारीट मी ठेवीत आहे. वाचकांनी ते फोडावे, आणि थुंकून टाकण्यापूर्वी घटकाभर जिभेवर ठेवावे, एवढीच विनंती.

विषय असा. अलीकडे सुशिक्षित घरांतून एक नवे वाक्य ऐकू येते : “सिगारेट मी केव्हाच सोडली, आता फक्त व्हेप ओढतो.” हे बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर निर्जळी एकादशी पाळल्याचे समाधान असते. मला मात्र दुसरी एकादशी आठवते. ती दुप्पट खाशीवाली! आणि नवल असे की घरची मंडळीही त्याचे कौतुक करतात. आईला वाटते, पोरगा सुधारला. बायकोला वाटते, पडद्यांचा वास गेला. सिगारेट सुटली, एवढेच सर्वांना दिसते. माणूस सुटला की नाही, हे कुणी विचारीत नाही. तेच विचारण्यासाठी हा लेख आहे.

प्रथम त्या वस्तूची ओळख करून घेऊ. स्वतः सिगारेट सोडू पाहणाऱ्या होन लिक नावाच्या एका चिनी औषधशास्त्रज्ञाने २००३ च्या सुमारास ही ई-सिगारेट घडवली. तिच्यातून ‘वाफ’ निघते असे सांगतात. वाफ हा आपल्या घरातला मोठा भरवशाचा शब्द! सर्दी झाली की आजी वाफारा देते, गणपतीचे मोदक वाफेवर शिजतात. त्या शब्दाच्या पुण्याईवर ही नळी आपल्या घरात शिरते. पण तिच्यातून निघते ती पाण्याची वाफ नव्हे. प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन ह्या द्रवांत निकोटिन व सुवास मिसळायचे, बॅटरीवर तापणाऱ्या तारेने त्या मिश्रणाचे बारीक तुषार करायचे आणि ते छातीत ओढायचे, असा हा प्रकार आहे. तंबाखू जळत नाही, हे खरे. परंतु माणसाला वर्षानुवर्षे बांधून ठेवणारे तंबाखूतले द्रव्य, म्हणजे निकोटिन, ते मात्र आत जातेच.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. ते एका म्हणीत मावते : दगडापेक्षा वीट मऊ. सिगारेट ओढणारा मरतो तो मुख्यतः धुरामुळे. जळत्या तंबाखूतले डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड त्याला मारतात. जळणेच काढून टाकले की मारक भाग पुष्कळ कमी झाला. हे म्हणणे कुणा टपरीवाल्याचे नव्हे. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने २०१५ मध्ये ई-सिगारेट ही सिगारेटपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी अपायकारक असल्याचे सांगितले. हा आकडा प्रत्यक्ष मोजमापाचा नव्हता, जाणकारांच्या अंदाजाचा होता. तरी २०१६ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनेही तशीच दिशा दाखवली. वीट दगडापेक्षा मऊ आहे, हे मी मान्य करतो. न मान्य करणारा माणूस प्रचारक असेल. शिक्षकाला ते परवडत नाही.

पण म्हण विटेला मऊ म्हणते. उशी म्हणत नाही.

ह्या वादात व्हेपवाले ज्या प्रयोगाचा दाखला नेहमी देतात, तोच घेऊ. २०१९ मध्ये तो न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला. इंग्लंडमधल्या सरकारी धूम्रपानमुक्ती केंद्रांत आलेली ८८६ माणसे घेतली. निम्म्यांना ई-सिगारेट दिली; निम्म्यांना निकोटिनचे पट्टे, च्युइंगम असले नेहमीचे उपाय दिले. वर्षाने पाहिले तर ई-सिगारेटवाल्यांपैकी १८ टक्क्यांची सिगारेट सुटली होती, दुसऱ्या गटात ९.९ टक्क्यांची. जवळजवळ दुप्पट! व्हेपवाले इथे टाळ्या वाजवतात आणि वही मिटतात.

मी मॅट्रिकच्या पुढे न गेलेला मास्तर आहे. पण शेकडेवारी मी रोज शिकवतो, आणि गणित अर्ध्यावर सोडणाऱ्या मुलाला मी पूर्ण गुण देत नाही. वहीचे पुढचे पान असे आहे. ई-सिगारेटच्या साहाय्याने ज्या ७९ जणांची सिगारेट सुटली, त्यांतले ६३ जण वर्षानंतरही ई-सिगारेट ओढीतच होते. दुसऱ्या गटातल्या ४४ यशस्वी लोकांपैकी पट्टा-च्युइंगम वापरणारे उरले होते फक्त ४. आणखी एक गोष्ट. दोन्ही गटांतल्या माणसांना निदान चार आठवडे, दर आठवड्याला, शिकवलेल्या समुपदेशकाने समोरासमोर बसून धीर दिला होता. म्हणजे ज्या यशाचा डांगोरा पिटतात त्यात एक नळी होती, आणि एक माणूसही होता. आपल्याकडे नळी तेवढी चोरवाटेने आली. माणूस तिकडेच राहिला!

विटेवर अठ्ठावीस युगे उभे राहणे पंढरीच्या पांडुरंगालाच शोभते. आपण संसारी माणसांनी विटेवर पाय द्यायचा तो पलीकडे उतरण्यासाठी. उतरण्याचा दिवस ज्याने ठरवला नाही, त्याने व्यसन सोडले नाही. त्याने दुकान बदलले.

माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत. दिवसाला दहा सिगारेटी ओढायचे. भाच्याने दुबईहून ही नळी आणून दिली. “मास्तर, आता मी मोकळा!” असे ते मला म्हणाले. पूर्वी त्यांना सिगारेटसाठी उठून बाहेर जावे लागे, काडी पेटवावी लागे, आणि सिगारेट संपली की ती संपे. राख झटकून ते आत येत. व्हेपला राख नाही, काडी नाही, थोटूक नाही आणि म्हणून शेवटही नाही. ते जेवताना दोन झुरके घेतात, नातवाला गोष्ट सांगताना घेतात, रात्री कूस बदलताना उशीखालून काढून घेतात. मोकळा झालेला माणूस वस्तू उशाखाली ठेवून निजतो काय?

बरे, हा माल विकतो कोण? १९५० मध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल ह्यांनी सिगारेट व फुप्फुसाचा कर्करोग ह्यांचा संबंध दाखवून दिला, तेव्हा घाबरलेल्या गिऱ्हाइकाला धीर देण्यासाठी कंपन्यांनी फिल्टर पुढे केला. अमेरिकेतल्या ‘केंट’ सिगारेटचा फिल्टर आरोग्यरक्षक म्हणून मोठ्या गाजावाजाने विकला गेला. १९५२ ते १९५६ पर्यंत त्या फिल्टरात चक्क ॲस्बेस्टॉस होते! मग आल्या ‘लाइट’ सिगारेटी. त्यांच्या फिल्टरला बारीक छिद्रे असत. यंत्राने ओढली की डांबर कमी भरे, माणसाने ओढली की बोटांनी आणि ओठांनी छिद्रे बुजत आणि झुरका अधिक खोल जाई. ही लोकांची फसवणूक होती, असा निकाल वॉशिंग्टनच्या न्यायाधीश ग्लॅडिस केसलर ह्यांनी २००६ मध्ये दिला. आणि ई-सिगारेट? डिसेंबर २०१८ मध्ये ‘जूल’ ह्या व्हेप-कंपनीचा ३५ टक्के हिस्सा १२८० कोटी डॉलर मोजून कुणी घेतला? मार्लबोरो सिगारेटवाल्या आल्ट्रियाने! गिऱ्हाइकाची सुटका व्हावी म्हणून कुठला व्यापारी एवढी रक्कम ओततो? जामदारखान्याच्या किल्ल्या चोराच्याच हाती देण्याचा हा प्रकार.

शिवाय सुवास पाहा. आंबा, पुदिना, कलिंगड, बबलगम. वीस वर्षे विडी ओढून छाती खरवडलेल्या माणसाला बबलगमचा मोह पडतो, असे कुणी मला पटवून द्यावे. मोह पडतो तो त्याच्या नातवाला. अमेरिकेत २०१९ च्या पाहणीत हायस्कुलातल्या शंभर मुलांपैकी सत्तावीस जणांनी आदल्या महिनाभरात ई-सिगारेट ओढली होती. त्यांतल्या कितीतरींनी सोडायला म्हणून तिला हात लावला नव्हता, कारण त्यांनी सिगारेट कधी धरलीच नव्हती. ज्या इंग्लंडचे गोडवे व्हेपवाले गातात, त्या इंग्लंडनेही १ जून २०२५ पासून एकदा वापरून फेकायच्या व्हेपच्या विक्रीवर बंदी घातली. एका पिढीला वर काढण्यासाठी सोडलेला दोर दुसऱ्या पिढीच्या गळ्यात पडत असेल, तर दोर सोडणाऱ्याने आधी खाली पाहायला हवे.

इथवर वाचून बंदीवाले मंडळी मान डोलवीत असतील. त्यांनी फार डोलवू नये. आता पाळी त्यांची आहे.

आपल्या सरकारने सप्टेंबर २०१९ मध्ये वटहुकूम काढून आणि त्याच वर्षी कायदा करून ई-सिगारेटची निर्मिती, आयात, विक्री, जाहिरात, सारे बंद केले. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. उत्तम! पण वीट बेकायदा आणि दगड मात्र कोपऱ्यावर, हा न्याय कुठला? सिगारेट चौकाचौकांत मिळते. २००३ च्या कायद्याने शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला मनाई आहे. मुलांना आम्ही मीटर शिकवतो. यार्ड कुणालाच मोजता येत नाही, बहुधा टपरीवाल्यालाही नाही! सुटी सिगारेट-विडी विकायला महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे, गुटख्याला २०१२ पासून. वाचकांनी आपल्या नाक्यावर जाऊन ह्या दोन्ही बंद्यांचे दर्शन घेऊन यावे. आणि भारतीय आयुर्विमा महामंडळ, जे आपल्या जीविताचा विमा उतरवते, ते देशातल्या सर्वांत मोठ्या सिगारेट-कंपनीचे मोठे भागधारक आहे. एका हाताने आयुष्याची हमी घ्यावी आणि दुसऱ्या हाताने काडी पेटवून द्यावी, असा हा संसार चालला आहे.

बंदीने चोरटा माल थांबत नाही. फक्त त्याच्या आत काय आहे ते कळेनासे होते. अमेरिकेत २०१९ मध्ये व्हेप ओढणाऱ्यांची फुप्फुसे अचानक निकामी होऊ लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २८०७ जण इस्पितळात गेले आणि ६८ दगावले. बहुतेकांनी गांजाचा अर्क भरलेल्या, काळ्या बाजारातल्या नळ्या वापरल्या होत्या, आणि त्यांत व्हिटॅमिन-ई ॲसिटेट मिसळलेले होते. खोट्या नावाने, खोट्या वेष्टनात घेतलेला माल छातीत ओढणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

आणि आपल्या महाराष्ट्राचे खरे दुखणे तर ह्या साऱ्या वादाच्या बाहेरच पडले आहे. २०१६-१७ च्या पाहणीत इथल्या शंभर प्रौढांपैकी तंबाखू ओढणारे जेमतेम चार निघाले. तोंडात धरणारे चोवीस! बसस्टँडवर तळहातावर चुना-तंबाखू मळणाऱ्या, गालात बार भरून शेतावर निघालेल्या, मिश्री लावून चुलीपुढे बसलेल्या माणसांना कुणी काय देऊ केले आहे? त्यांच्यासाठी इंग्लंडहून नळी येणार नाही. त्यांच्यासाठी वेष्टनावर कुजलेल्या तोंडाचे चित्र आहे, बस्स.

मग करावे काय? माझी मागणी साधी आहे. ज्या सरकारने वीट काढून घेतली त्याने शिडी लावून द्यावी. शिडी आहे, नवी शोधायची नाही. निकोटिनचा च्युइंगम आणि पट्टा ह्यांची मात्रा आठवड्या-आठवड्याने उतरवता येते. डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यायच्या गोळ्या आहेत. २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत निकोटिनच्या ह्या पर्यायी उपचारांना जागा मिळाली आहे. यादीतले हे औषध प्राथमिक आरोग्य केंद्राच्या फडताळात यावे, क्षयाच्या गोळ्या जशा फुकट मिळतात तसे मिळावे, आणि ते देणारा माणूस चार आठवडे रोग्याशी बोलावा. तंबाखूच्या वेष्टनावर १८००-११-२३५६ हा फुकट सल्ल्याचा क्रमांक छापलेला असतो. पुडी फोडणाऱ्या हातांनी एकदा तो फिरवून पाहावा.

परदेशी असलेल्या आमच्या मराठी मुलांना एक सांगणे. व्हेपच्या आधाराने तुमची सिगारेट खरोखर सुटली असेल, तर माझा लेख वाचून पुन्हा सिगारेटकडे वळू नका. तो मूर्खपणा होईल. पण दोन्ही चालू असतील, तर तुम्ही काहीच सोडलेले नाही. आणि एकटी व्हेप उरली असेल तर डॉक्टरांना विचारून तीही उतरवीत नेण्याची तारीख कॅलेंडरवर घाला.

घरच्या मंडळींनाही दोन शब्द. निकोटिन सुटतानाचे पहिले काही दिवस माणूस चिडतो, झोप उडते, विनाकारण भांडतो. तलफेची एकेक लाट मात्र काही मिनिटांत ओसरते; तेवढी मिनिटे त्याच्याजवळ बसा, पाण्याचा तांब्या पुढे करा, आणि “तुझ्याने काय सुटणार!” हे वाक्य गिळून टाका. पुष्कळांना ही लढाई तीन-चारदा हरून जिंकावी लागते. त्याला ‘कशाने सोडलीस’ असे विचारू नका. ‘आता हाताशी काय लागते’ असे विचारा. ‘काही नाही’ असे उत्तर ज्या दिवशी येईल, त्या दिवशी घरात खुशाल करंज्या तळा, मग दिवाळी असो वा नसो.