पत्रे मारण्याआधी टेम्पोची जागा सांगा

तळोजा फेज एकमध्ये आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. नळ, पाइप, रंग, प्लायवूड, बिजागऱ्या, कमोड, वायर, घराला लागतं ते सगळं. दुकानासमोरच्या मोकळ्या प्लॉटला दिवाळीनंतर पत्रे मारले गेले, आत पोकलेन शिरला आणि बाहेर गृहप्रकल्पाची पाटी लागली. तिथे घरं होणार याला माझा विरोध नाही. नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला की माणूस आठवड्याभरात आमच्याकडे येतो. खिडकीला मच्छरजाळी, बाल्कनीत कपडे वाळत घालायचा स्टँड, सेफ्टी डोअरचं कुलूप, गिझरचा पाइप. आमची चूल त्या घरांवर पेटते. तरीही त्या पत्र्यांनी माझा धंदा अडचणीत आणला आहे, आणि तळोज्यात जिथे जिथे रिकामा प्लॉट भरेल तिथल्या दुकानदारावर उद्या हीच पाळी येणार आहे, म्हणून लिहिते आहे.

‘तो प्लॉट पार्किंगचा नव्हताच,’ असं मला ऐकवलं जातं. खरं आहे. कागदावर तो घरांसाठीच राखलेला होता. पण इतकी वर्षं आमच्या रांगेतल्या दुकानांचा माल उतरवणारा टेम्पो, दवाखान्यात आलेल्या आजोबांची रिक्षा, क्लासला मुलं सोडायला आलेल्या आयांच्या स्कूटर, सोसायटीत पूजेला आलेल्या पाहुण्यांच्या गाड्या आणि रात्री उशिरा परतणाऱ्या टॅक्सी, हे सगळं त्या प्लॉटने पोटात घेतलं. आराखड्यात ज्या गाड्यांना जागाच धरली नव्हती, त्या तिथे उभ्या राहत होत्या. प्लॉट रिकामा होता तोवर आराखड्यातली उणीव कोणाला दिसली नाही. पत्रे लागले त्या दिवशी ती रस्त्यावर आली.

हार्डवेअरचं गिऱ्हाईक कसं येतं ते नीट सांगते, कारण पार्किंग म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर रविवारी खरेदीला आलेली मोटार उभी राहते. आमच्याकडे सकाळी आठ ते अकरा प्लंबर, सुतार, रंगारी येतात. दुचाकीवर, बहुधा दोघं-दोघं. ‘वहिनी, दोन एल्बो, एक टी आणि सोल्यूशनची डबी द्या पटकन, साइटवर पाणी बंद करून आलोय.’ त्यांना दहा मिनिटं हवी असतात. हा माणूस गाडी दोन गल्ल्या लांब लावून चालत येणार नाही. त्यानंतर ठेकेदाराचा छोटा हत्ती येतो. पाइप वीस फुटी असतो, प्लायवूडची शीट आठ बाय चार, सिमेंटची गोणी ५० किलोची. बिगारी ती खांद्यावर घेऊन किती लांब चालणार? टेम्पो दुकानासमोर पंधरा-वीस मिनिटं उभा राहिला तरच माल चढतो. आता रस्त्याच्या दोन्ही कडा सकाळी सातलाच गाड्यांनी भरलेल्या असतात. टेम्पो दुसऱ्या रांगेत उभा राहतो, मागून स्कूलबस हॉर्न वाजवते आणि कोणीतरी मोबाइलवर नंबरप्लेटचा फोटो काढतं. चुकीच्या जागी गाडी लावल्याचा दंड पहिल्यांदा ५०० रुपये, दुसऱ्यांदा १५०० रुपये. जवळच्या फेरीत टेम्पोवाल्याला तेवढं सुटतही नाही. तो ठेकेदाराला सांगतो, पुढचा माल कळंबोलीतून उचलू, तिकडे गाडी तरी उभी राहते. सासऱ्यांच्या काळापासून उधारीच्या वहीत नाव असलेलं गिऱ्हाईक असं एका चलनापायी तुटतं.

मग दुकान दुसरीकडे हलवा, असंही सुचवणारे भेटतात. नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. त्यात आमच्या घरची भातशेतीही गेली. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये जासईला झालेल्या आंदोलनात पाच शेतकऱ्यांचा जीव गेला, आणि त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन शेतकऱ्यांना परत देण्याची योजना आली. आमच्या वाट्याच्या प्लॉटवर बिल्डरने इमारत बांधली, वरचे फ्लॅट विकले गेले आणि खालचे दोन गाळे आमच्याकडे राहिले. फेज एकमधल्या कित्येक गल्ल्या अशाच झाल्या आहेत, खाली गाळे आणि वर घरं. शेताचं जे काही उरलं ते हे दोन गाळे. ते उचलून कुठे नेऊ?

आता घरांकडे येते, कारण खरा प्रश्न तिथे आहे. सिडकोने २०१८ मध्ये तळोजा, खारघर, कळंबोली, घणसोली आणि द्रोणागिरी मिळून १४,८३८ घरांची सोडत काढली. अत्यल्प उत्पन्न गटाचं घर २५.८१ चौरस मीटरचं, अल्प उत्पन्न गटाचं २९.८२ चौरस मीटरचं. म्हणजे लहानातलं लहान घर साधारण २७८ चौरस फुटांचं. २०२४ च्या दसऱ्याला आणखी २६,००० घरांची योजना आली, त्यातही तळोजा होतंच. खासगी बिल्डरांचे वन रूम किचन आणि वन बीएचके वेगळे. एवढ्या लहान घरात राहणाऱ्याकडे गाडी कुठली असणार, या समजुतीवर सगळं गणित बेतलेलं दिसतं. आमच्या काउंटरवरून मला वेगळंच दिसतं. या घरांत रिक्षा चालवणारा राहतो, पिवळ्या पाटीची एर्टिगा चालवणारा राहतो, एमआयडीसीतल्या कामगारांची ने-आण करणारा ईकोवाला राहतो, भाजीचा टेम्पो घेऊन पहाटे वाशी मार्केटला जाणारा राहतो, पाठीवर पिशवी लावून जेवण पोहोचवणारी पोरं राहतात. मोठ्या फ्लॅटमधली दुसरी मोटार बंद पडली तर घर चालू राहतं. इथे रिक्षा बंद राहिली तर संध्याकाळचा किराणा येत नाही. पावणेतीनशे फुटांच्या घराला चाकं नसतात असं ज्यांनी धरलं, त्यांनी त्या घरातला माणूस काय काम करतो हे विचारलेलं नाही. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून विमानं ये-जा करू लागली. तिथे रात्रपाळी करणारे चालक घर घेणार ते उलव्यात किंवा तळोज्यातच, कारण परवडणारी घरं इथेच आहेत.

मेट्रो आहे ना, हे उत्तर मी मनापासून ऐकून घेते, कारण मेट्रोची वाट आम्ही फार पाहिली. २०११ मध्ये भूमिपूजन झालेली बेलापूर-पेंधर मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झाली. ११ स्थानकं, ११ किलोमीटर. माझी मुलगी तिनेच कॉलेजला जाते आणि मी निर्धास्त असते. नोकरदारांच्या किती दुचाकी तिने घरी ठेवायला लावल्या असतील. मेट्रो वाढवा, फेऱ्या वाढवा, दिवा-पनवेल मार्गावर तळोजा पाचनंदला थांबणाऱ्या गाड्याही वाढवा. पण पेंधरच्या मेट्रोत कोणी कमोड घेऊन चढत नाही. जी वाहतूक माणसांची आहे ती रेल्वेवर जाईल. मालाची आणि हातावर पोट असलेल्यांची वाहतूक रस्त्यावरच राहणार, आणि तिला थांबायला जागा लागणार.

हा प्रश्न तळोज्यात सुरू झालेला नाही. परिवहनाच्या जागांजवळ घरं बांधायची, म्हणजे लोक गाडी न घेता रेल्वे-बसने जातील, हा सिडकोच्या गेल्या काही वर्षांतल्या धोरणाचा गाभा आहे, आणि तत्त्व म्हणून मला तो पटतो. पण त्यासाठी वाशीच्या ट्रक टर्मिनलची जागा घरांना गेली, तेव्हा वाहतूकदारांनी विचारलं की एपीएमसीला येणारे ट्रक आता उभे कुठे राहणार. खांदेश्वर आणि मानसरोवर स्थानकांबाहेरच्या जागांवर इमारती येणार म्हटल्यावर कामोठ्यातले रहिवासी विरोधात उभे राहिले, कारण रोज सकाळी लोकलला जाणारे तिथेच दुचाकी लावत होते. तिथे किमान ती जागा कशासाठी आहे हे सगळ्यांना दिसत होतं. आमच्या समोरच्या प्लॉटवर कसलीच पाटी नव्हती, त्यामुळे काय गेलं हेही कोणाच्या हिशेबात आलं नाही.

विचारायचं कोणाला, हा वेगळाच त्रास. प्लॉट आणि आराखडा सिडकोचा. रस्ता, गटार, मालमत्ता कर १ ऑक्टोबर २०१६ ला स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेचा. वाहतुकीचा दंड नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाचा. पहिल्या सभागृहाची मुदत २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर कित्येक वर्षं दार ठोठवायला नगरसेवकही नव्हता, प्रशासक होता. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, इथे तर घरं तीन आहेत. मोठ्या दुकानाचा मॅनेजर दिवसभर कार्यालयात बसून पाठपुरावा करू शकतो. मी गेले तर शटर खाली येतं.

म्हणून आम्हाला काय हवं ते इथे स्पष्ट लिहिते. दुकानांच्या प्रत्येक रांगेसमोर माल चढवण्या-उतरवण्याची एक जागा पट्टे मारून राखावी. वीस मिनिटांची मर्यादा घालावी, त्यापुढे उभं राहणाऱ्याला खुशाल दंड करावा. आमच्यातले काही दुकानदार स्वतःची मोटार सकाळपासून रात्रीपर्यंत गाळ्यासमोर लावून ठेवतात, ते आधी थांबलं पाहिजे. ही शिस्त आम्ही आपापसांत पाळू. गिऱ्हाइकाकडून पार्किंगचे पैसे घ्यायलाही माझी हरकत नाही. डोनाल्ड शूप या अमेरिकी अभ्यासकाने फुकट पार्किंगची खरी किंमत मांडणारा मोठा ग्रंथ २००५ मध्ये लिहिला. त्याने कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना शहराचं उदाहरण दिलं. तिथल्या जुन्या बाजारपेठेत १९९३ मध्ये मीटर बसवले, आणि जमलेला पैसा त्याच बाजारातले पदपथ, दिवे आणि सफाई यावर खर्च केला. व्यापाऱ्यांचा विरोध ओसरला तो या एका अटीमुळे. आमच्या रस्त्यावरचे पैसे आमच्याच रस्त्यावर लागणार असतील तर पहिली पावती मी फाडते.

दुसरी मागणी घड्याळाची. दुकानाला जागा हवी ती दिवसा. टॅक्सी आणि टेम्पोला ती हवी रात्री नऊनंतर. तळोज्यात शाळांची, बाजारांची आणि सुविधांसाठी राखलेली कितीतरी आवारं आणि प्लॉट बांधकाम होईतो पडून आहेत. त्यातला एखादा समतल करून दिवसा गिऱ्हाइकाला, रात्री चालकांना ठरावीक दराने दिला तर एकाच जागेत दोघांची सोय होते. यासाठी उड्डाणपुलाएवढा खर्च नाही. खडी, दिवा आणि एक राखणदार पुरतो.

गाडी लावायला जागा असल्याचा दाखला दाखवल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी करू नये, असा विचार परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी २०२५ मध्ये मांडला. जपानमध्ये १९६२ पासून असा कायदा आहे, तिथे पोलीस जागेचा दाखला देतात. दुसरी-तिसरी मोटार घेणाऱ्यांसाठी तो नियम मला मान्य आहे. पण ज्या योजनेतल्या घराला सरकारी यंत्रणेनेच गाडीची जागा दिली नाही, त्या घरातल्या पोराला रिक्षा घेताना जागेचा दाखला मागणं म्हणजे त्याच्या रोजगाराचं दार बंद करणं आहे. आधी जागा, मग दाखला, असाच क्रम असला पाहिजे.

समोरच्या प्लॉटपुरतं बोलायचं तर आमची मागणी अगदी लहान आहे. इमारतीपुढे सामासिक अंतर सोडावंच लागतं, तिथे भिंत येणार नाही. रस्त्याच्या बाजूचे पत्रे काम चालू असेपर्यंत आठ फूट आत घेतले तर आमच्या रांगेला टेम्पोची जागा मिळते आणि प्रकल्पाचं काहीच अडत नाही. काँक्रीटचे मिक्सर शाळेची आणि आमच्या गिऱ्हाइकाची वेळ टाळून दुपारी किंवा रात्री आणावेत. आणि नकाशात पाहुण्यांची, रिक्षांची, मालाच्या गाड्यांची जागा कुठे दाखवली आहे ते पाटीवर लावावं. आमच्या निवेदनावर दुकानदारांच्या सह्या आहेत, तशाच तिथे घर बुक केलेल्या काही कुटुंबांच्याही आहेत. रविवारी साइट बघायला येतात तेव्हा त्यांनाही गाडी लावायला जागा सापडत नाही, आणि राहायला आल्यावर काय होईल हे त्यांना आत्ताच कळलं आहे. उत्तर आम्हाला लेखी हवं, आणि पायाचं काँक्रीट पडण्याआधी हवं, कारण एकदा पाया भरला की रॅम्प कुठून उतरणार आणि टेम्पो कुठे थांबणार हे कोणालाच बदलता येणार नाही.