शिंपल्यावरचे मीठ

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहकुटुंब रायगडच्या किनाऱ्यावर गेलो होतो. परतताना नातीने रुमालात गुंडाळून एक दगड आणला. त्यात एक शिंपला अर्धा रुतलेला होता. त्याची कड कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ. नारायण पेठेतील आमच्या घरी तो काचेच्या कपाटात, चांदीच्या पेल्यांशेजारी विराजमान झाला. महिन्याभरात त्यावर पांढरी बुरशी दिसू लागली आणि एके सकाळी कडेचा नखाएवढा तुकडा फळीवर पडलेला आढळला. "आजोबा, तो आजारी आहे का?" असे नातीने विचारले. मी ती पांढरी भुकटी जिभेला लावून पाहिली. खारट!

समुद्रातून आलेल्या वस्तूच्या सूक्ष्म छिद्रांत खारे पाणी मुरलेले असते. पुण्याच्या कोरड्या हवेत ते उडून जाते, मिठाचे स्फटिक आतल्या आत वाढतात आणि पापुद्रे उचकटतात. भिंतीला लोणा लागतो, तसाच हा प्रकार होय.

दगड होता तरी कोणता? कोकणात ज्यास 'करळ' म्हणतात तो: वाळू व शिंपले चुन्याने सांधले जाऊन किनाऱ्यावर तयार होणारा खडक. भूशास्त्राच्या हिशेबात त्याचे वय फारसे नसते. बहुधा काही हजार वर्षे. आमच्या शिंपल्याचा रंग उडालेला, पोटात वाळू घट्ट बसलेली. ताज्या शिंपल्यात असे आढळत नाही. (रिकामा शंख उचलण्यापूर्वी आत जरूर पाहावे. पुष्कळदा त्यात खेकड्याचा संसार असतो.)

तुटलेला तुकडा चिकटविण्यास मी फेव्हिकॉल काढलाच होता. हात आवरला, हे बरे झाले. मीठ आत ठेवून वरून लेप देणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणे. प्रथम एका कोपऱ्यावर थेंब टाकून दगड विरघळत नाही ना, हे पाहिले. मातकट दगड पाण्यात ढासळतो. मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवला. पाणी रोज बदलावयाचे, त्याचा थेंब काचेवर वाळवावयाचा आणि डाग उमटेनासा होईपर्यंत हे चालू ठेवावयाचे. लिंबू वा व्हिनेगर मुळीच नको. आम्लाने शिंपलाच विरघळतो. नंतर सावलीत सावकाश वाळवावे. संग्रहालयांत अशा वस्तूंना ॲसिटोनमध्ये विरघळविलेल्या पॅरालॉइड बी-७२ या रेझिनचा पातळ थर देतात. पुढे गरज पडल्यास तो काढता येतो. हे काम मात्र जाणकाराच्या हातून व्हावे.

कपाटाचाही दोष असू शकतो. १८९९ मध्ये बाईन नावाच्या इंग्रज संग्राहकाने पेटीतील शंखांवर चढणाऱ्या पांढऱ्या थराचे वर्णन केले. त्यास तो जंतूंचा रोग वाटला. वस्तुतः लाकडातून सुटणारी आम्लाची वाफ शंख खात होती. तेव्हा लाकडी खण टाळून प्लास्टिकचा डबा घ्यावा आणि आत मऊ टिश्यू पेपर घालावा. कापसाचे तंतू कडांना अडकतात.

आता चिठ्ठी. नोंदीवाचून माल कुणाचा, हे आपणा व्यापाऱ्यांस कुणी सांगावयास नको. मुंबईत वरळीच्या किनाऱ्यालगत लाव्हाच्या थरांमधील खडकात चिमुकल्या बेडकांचे सांगाडे सापडले, हाडे केसासारखी बारीक. १८४७ मध्ये लंडनच्या रिचर्ड ओवेन यांनी त्यांचे वर्णन केले. बेडूक खाऱ्या समुद्रात राहत नाहीत. म्हणजे सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी, लाव्हाच्या दोन लोटांमधल्या काळात, तेथे गोडे पाणी साचलेले होते. कुठल्या थरातून काढले, याची नोंद नसती तर ते नुसते बेडूकच राहिले असते.

नातीने चिठ्ठी लिहावयास घेतली. गाव लिहिले, तारीख लिहिली. दगड सुटा पडला होता की खडकातून निघाला, हे तिला आठवेना. शेवटी सहलीचे फोटो उघडले. एका फोटोत ती दगड उचलताना दिसते, मागे खडकाची काळी कड आहे. तो फोटो छापून आम्ही डब्यात ठेवला. शिंपला अजून पाण्यातच आहे. आज अकरावा दिवस, आणि काचेवर डाग उमटतोच आहे.