आधी भोजपूर, मग बार्सिलोना

स्पेनची सहल करून आलेली आपली मंडळी बार्सिलोनाच्या ‘सग्रादा फामिलिया’ चर्चचे गोडवे गातात. १८८२ साली आरंभलेले काम शतकाहून अधिक काळ चालले, याचे त्यांना कोण कौतुक! ते रास्तच आहे. परंतु भोपाळ नगरापासून तासाभराच्या वाटेवर भोजपूरचे अकराव्या शतकातील अपूर्ण शिवमंदिर उभे आहे. त्याचे आराखडे भोवतालच्या खडकांवर आजही कोरलेले दिसतात. ते निरखून पाहिलेले किती? शेजारच्या सिहोर जिल्ह्यातील दोराहा येथे जानेवारी १७३८ मध्ये बाजीरावांनी निजामाकडून माळव्यावरील हक्क मान्य करवून घेतला. त्या गावाचे नाव तरी आपल्या मुलांना ठाऊक आहे काय? स्पेनला अवश्य जावे. मात्र ज्याला घरचा दगड वाचता येत नाही, त्याच्या हाती परदेशातून केवळ छायाचित्रेच येतात.