अहवालावर सही कोणाची?

झाशी जिल्ह्यातलं गुरसराय हे एकेकाळी मराठी खेर घराण्याच्या जहागिरीचं गाव. आज तिथल्या दलित-बहुजन घरातली पहिली पदवीधर मुलगी झाशीच्या बुंदेलखंड विद्यापीठात न्यायसहायक विज्ञान शिकू शकते. प्रश्न पुढचा आहे: तिला तज्ज्ञ कोण ठरवणार?

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 176(3) नुसार, सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं आहे. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत आहे. पण तज्ज्ञ म्हणजे कोण, हे ते कलम सांगत नाही. कलम 329 प्रमाणे ठरावीक सरकारी तज्ज्ञांचा अहवाल, त्यांना साक्षीला न बोलावताही पुरावा म्हणून वाचता येतो. वकिलाला सनद लागते, डॉक्टरला नोंदणी लागते. या सहीसाठी मात्र तसा वैयक्तिक परवाना लागत नाही. एनएबीएलची मान्यता असते ती प्रयोगशाळेला, माणसाला नव्हे. 'फॅक्ट' परीक्षा अभिक्षमता तपासते, परवाना देत नाही.

याची किंमत कोण मोजतं? 2006 मध्ये खैरलांजीत पहिल्या शवविच्छेदनावर प्रश्न उठले आणि मृतदेह पुन्हा उकरून काढावे लागले. 2020 मध्ये हाथरसचे नमुने घटनेनंतर अकरा दिवसांनी प्रयोगशाळेकडे गेले. तरीही त्याच अहवालाच्या आधारे बलात्कार झालाच नाही, असं पोलिसांनी जाहीर केलं. अत्याचाराच्या खटल्यात साक्षीदारावर गावाचा दबाव असतो. तेव्हा पीडिताच्या हाती उरतो तो पुरावा.

म्हणून प्रमाणपत्र हवंच. पण ते नवी वेस ठरता कामा नये. भरमसाठ फी, फक्त इंग्रजी आणि मुलाखतीतले गुण असतील, तर आपली मुलं पुन्हा वेशीबाहेरच राहतील. आमची मागणी साधी आहे: कायद्याने नेमलेली एकच परिषद, नाव झाकून तपासलेली लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा, माफक फी, भारतीय भाषांचा पर्याय, ठरावीक वर्षांनी फेरतपासणी. परिषदेवरही बहुजनांना जागा हवी.

तोवर खाजगी संस्थांच्या चकचकीत सर्टिफिकेट कोर्सवर आई-बापाची कमाई घालण्याआधी एक करा: भरतीची जाहिरात काढा आणि त्यातली अर्हता शब्दशः वाचा. काही पदांना फॉरेन्सिकची पदवी चालते, काहींना रसायनशास्त्रच लागतं. घरात सांगणारं कोणी नसेल, तर एकमेकांना सांगा.