कुलूप चोरासाठी, अडतात ग्रंथपाल!

अमेरिकेत बऱ्याच सार्वजनिक वाचनालयांतून पुस्तकासारखा टॅब्लेटही घरी नेता येतो. परत आला, की ग्रंथपाल तो पाटीसारखा पुसून कोरा करतात. नाहीतर तुमचे फोटो पुढच्या वाचकाच्या हाती!

पण गंमत ऐका. २०१३ साली आयपॅडला चोरांसाठी एक कुलूप आलं. कुणी त्यात स्वतःचं खातं उघडून ‘फाइंड माय’ चालू ठेवलं, तर सगळं पुसल्यावरही आयपॅड त्याच खात्याचा पासवर्ड मागतो. वाचनालयाने आधीच तजवीज केली असेल, तर ते कुलूप दुरूनही निघतं. नसेल, तर ग्रंथपाल बिचारे खरेदीची पावती शोधत बसतात, अन् रांगेतली मुलगी रिकाम्या हाताने घरी जाते.

म्हणून परत देण्याआधी सेटिंग्ज उघडा, आपल्या नावावर बोट ठेवा. अगदी खाली ‘साइन आउट’ आहे.