दुसरी हार्ड डिस्क

विंडोज १० या संगणकप्रणालीचे नियमित मोफत साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि आपल्यापैकी अनेकांच्या दवाखान्यांत संगणक बदलण्याची लगबग सुरू झाली. आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेल्या पुष्कळशा यंत्रांवर विंडोज ११ अधिकृतरीत्या बसत नाही, तिला टी.पी.एम. २.० ही सुरक्षाव्यवस्था आणि तुलनेने अलीकडचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट यंत्रालाही निवृत्त करावे लागते. नवे यंत्र टेबलावर येते, जुने माळ्यावर जाते किंवा कबाड्याच्या हातगाडीवर चढते. या सर्व गडबडीत एक वस्तू सहसा कोणाच्याच ध्यानात राहत नाही. ती म्हणजे जुन्या संगणकाच्या पोटात बसविलेली दुसरी हार्ड डिस्क.

वैद्यकेतर वाचकांसाठी थोडे सांगतो. संगणकातील पहिल्या डिस्कवर प्रणाली आणि निरनिराळे प्रोग्राम असतात. जागा अपुरी पडू लागली की बहुतेकांनी पुढे एक दुसरी डिस्क बसवून घेतली आणि रुग्णांच्या नोंदी, डिस्चार्ज कार्डे, सोनोग्राफीची चित्रे, हिशेब, एवढेच काय पण मंडळाच्या गणेशोत्सवाची छायाचित्रे आणि सभांची इतिवृत्तेही तिच्यावर ठेवली. म्हणजे पहिली डिस्क बाजारातून पुन्हा विकत आणता येते. दुसरीवर जे आहे ते कोणत्याही बाजारात मिळत नाही. असे असूनही आपण नव्या संगणकाच्या रंगरूपाची चौकशी करतो आणि दुसऱ्या डिस्कविषयी दुरुस्ती करणाऱ्या मुलाला जाता जाता म्हणतो, 'तेही जरा टाकून दे रे.'

माझे म्हणणे असे, की हे 'टाकून देणे' दुरुस्तीवाल्याच्या हाताने झाले तरी त्याची जबाबदारी डॉक्टरांची आहे, आणि ती दुसऱ्यावर सोपविता येत नाही.

यातील यांत्रिक भाग मुळीच अवघड नाही. बालाघाटच्या जुन्या मंडळींना तर तो समजावून सांगावयासच नको. गोंदिया-जबलपूर हा आपला लोहमार्ग अडीच फुटी अरुंद मापाचा होता आणि गोंदियाहून जाणारा हावडा-मुंबई मार्ग रुंद मापाचा. आपली वाघीण त्या रुळांवर चढू शकत नसे. पोती एका वाघिणीतून दुसरीत हलवावी लागत. जुन्या डिस्कचेही तसेच आहे. २००३ च्या सुमारास साटा जोडणी येऊ लागली. तत्पूर्वीच्या डिस्का आय.डी.ई. प्रकारच्या, चाळीस पिनांच्या रुंद पट्टीसारख्या केबलच्या. 'मास्टर' आणि 'स्लेव्ह' ठरविणारा तो इवलासा जम्पर ज्यांनी नखाने काढून बसविला आहे त्यांना ती डिस्क आठवेल. नव्या मदरबोर्डवर ती केबल लावण्यास जागाच नसते. अशा वेळी यू.एस.बी.चा एक अडॅप्टर घ्यावा लागतो. तो साटा आणि आय.डी.ई. दोन्हींसाठी मिळतो. साडेतीन इंची डिस्कला बारा व्होल्टचा पुरवठा हवा असल्याने त्या अडॅप्टरसोबत स्वतंत्र वीजपुरवठ्याचा डबा असणे आवश्यक आहे. साटा डिस्क असेल तर संगणक बंद करून, वीज काढून, धातूच्या सांगाड्याला हात लावून अंगातील स्थिर विद्युत घालवावी आणि दोन केबली जोडाव्यात. पंधरा मिनिटांचे काम.

पोती हलविणे हमालाचे काम होते हे खरे. परंतु ती मोजून घेणे हे मालाच्या धन्याचेच काम असे. आपण मोजणीच करत नाही, हा माझा आक्षेप आहे.

काय मोजावयाचे, तेही सांगतो. नव्या यंत्राने डिस्क ओळखली नाही तर विंडोज नम्रपणे विचारते, की ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावयाची का? हा प्रश्न दिसताक्षणी हात मागे घ्यावा. केबल सैल असणे, डिस्कवरील विभागांची नोंद बिघडणे, मजकूर कूटबद्ध असणे, अशी अनेक कारणे त्यामागे असू शकतात आणि त्यांपैकी एकाही कारणावर फॉरमॅट हा उपाय नाही. डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल तर ती पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नये. ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजमध्ये ठेवण्याचा जो घरगुती इलाज काही जण सांगतात, तो तर रुग्णाला अंगाऱ्यावर ठेवण्यासारखाच आहे. कधी फोल्डर दिसतो पण 'ॲक्सेस डिनाइड' म्हणून उघडत नाही. जुन्या प्रणालीतील वापरकर्त्याच्या नावे तो राखून ठेवलेला असतो, आणि नव्या यंत्राच्या प्रशासक-खात्यातून त्याची मालकी घेता येते. मात्र जुन्या विंडोजमध्ये फाइल कूटबद्ध केलेली असेल तर तिची किल्ली पहिल्या डिस्कवरच राहिलेली असते. म्हणूनच दुसऱ्या डिस्कवरील प्रत्येक महत्त्वाची फाइल उघडून पाहीपर्यंत पहिली डिस्क पुसू देऊ नये.

याहून मोठी अडचण निराळीच आहे. डिस्क आली, फाइली दिसल्या, तरी नोंदी वाचता येतीलच असे नाही. दवाखान्याच्या नोंदींचा प्रोग्राम पहिल्या डिस्कवर आणि त्याचा मजकूर दुसरीवर, अशी मांडणी सर्वत्र आढळते. नव्या यंत्रात 'डी' हे नाव दुसऱ्याच भागाला मिळालेले असते आणि प्रोग्रामला आपला मजकूर सापडत नाही; डिस्कला तिचे जुने अक्षर परत दिले की पुष्कळदा काम भागते. परंतु काही प्रोग्राम प्रिंटरच्या पॅरलल पोर्टला लावावयाच्या कुलपाशिवाय चालत नसत, आणि नव्या संगणकांना तो पोर्ट सहसा नसतोच. विंडोज ११ तर केवळ चौसष्ट बिटांची आहे. तिच्यावर जुने सोळा बिटांचे प्रोग्राम चालत नाहीत. अशा प्रसंगी निराश होण्याचे कारण नाही. फॉक्सप्रोच्या काळातील डी.बी.एफ. फाइली लिबरऑफिससारख्या मोफत प्रोग्राममध्ये आजही उघडतात. मात्र हे शोधून पाहणारा माणूस हवा. तो दुरुस्तीच्या दुकानातला मुलगा असेलच, असे मी म्हणणार नाही; त्याच्यासमोर दुपारपर्यंत आणखी चार यंत्रे उघडी पडलेली असतात.

आणि मग लिपीचा प्रश्न. विंडोज २००० पासून देवनागरी युनिकोडची सोय प्रणालीतच आली; परंतु आपल्याकडे त्यानंतरही वर्षानुवर्षे श्रीलिपी, आकृती आणि हिंदीसाठी कृतिदेव याच फॉन्टांचे राज्य होते. या फाइलींत देवनागरी अक्षर मुळी साठविलेले नसते. रोमन अक्षराला देवनागरीचे रूप चढविलेले असते. फॉन्ट जुन्या यंत्रात राहिला की नव्या यंत्रावर इतिवृत्ताच्या जागी निरर्थक रोमन अक्षरांची रांगोळी दिसते, आणि 'फाइल खराब झाली' असे समजून ती पुसली जाते. आपल्यासारख्या सीमेवरील मराठी समाजाचे यात दुप्पट नुकसान आहे. गोंदिया-नागपूरची संस्था आपला इतिहास लिहून ठेवणार नाही. परप्रांतातील मराठी मंडळाचे जे काही आहे ते त्याच्या स्वतःच्या इतिवृत्तांत आणि स्मरणिकांत. म्हणून जुन्या यंत्रातील फॉन्टही आठवणीने उचलावेत. नंतर मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा, पण डोळ्यांखालून घालून. ऱ्हस्व इकार आणि रफार यांची या बदलात हटकून गफलत होते. परसवाडा किंवा किरनापूर तालुक्यातील गावांची नावे आणि रुग्णांची आडनावे अशाने बदलली, तर पुढे नोंद शोधणार कशी?

'एवढा खटाटोप कशासाठी? जुन्या नोंदी पाहतो कोण?' असे माझे काही व्यवसायबंधू विचारतात. त्यांचा प्रश्न अगदीच चुकीचा आहे असे नाही. चार दिवसांच्या तापाची पंधरा वर्षांपूर्वीची नोंद कोणी पाहत नाही. परंतु आपल्या जिल्ह्यात सिकलसेलचे रुग्ण आहेत. १ जुलै २०२३ रोजी आपल्याच राज्यातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मोहीम सुरू झाली आणि २०४७ हे तिचे उद्दिष्ट ठरले. मोहीम नवीन आहे, आजार नवीन नाही. सिकलसेलच्या एखाद्या रुग्णाचे हिमोग्लोबिन वर्षानुवर्षे सातच्या आसपास असते आणि त्यावर तो शाळेत जातो, शेतात राबतो. तोच रुग्ण पाय दुखतात म्हणून नव्या डॉक्टरांकडे गेला आणि त्यांना फक्त आजचा 'सात' दिसला, तर रक्त चढविण्याची घाई होऊ शकते. उलट नेहमी नऊ असणाऱ्याचे सात झाले असेल तर ती धोक्याची घंटा आहे. आकडा एकच, त्याचा अर्थ जुन्या आकड्यांवाचून लागत नाही. प्लीहेचा पूर्वीचा आकार, हायड्रॉक्सियुरिया सुरू करण्यापूर्वीची रक्तगणना, आईवडिलांचे इलेक्ट्रोफोरेसिस, या सगळ्या गोष्टी कोणाच्या तरी दुसऱ्या डिस्कवर आहेत. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात अपत्यास आजार होण्याची शक्यता चारात एक असते. तेव्हा एका मुलाची नोंद ही त्याच्या भावंडांचीही नोंद असते. पुढे त्याच घरातील मुलीचे लग्न ठरेल तेव्हाही तिचा उपयोग आहे.

हृदयविकाराचेही तसेच. छातीत दुखणाऱ्या रुग्णाच्या ईसीजीत लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक दिसला तर पहिला प्रश्न 'हा जुना की नवा?' हाच असतो. मूत्रपिंडाच्या रुग्णाचे क्रिएटिनिन आज दोन आहे, हे कळून फारसे काही कळत नाही. मागील वर्षी किती होते आणि त्यामागील वर्षी किती, यावर नागपूरला आज पाठवावयाचे की पुढील महिन्यात, हे ठरते. ज्याच्या घरून नागपूरला जाण्यास दोन दिवसांची मजुरी आणि उसनवारी लागते, त्याच्या दृष्टीने हा फरक लहान नाही.

कायद्याचे म्हणाल तर भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे ठेवावयाच्या आहेत, आणि रुग्णाने मागितल्यास त्या बहात्तर तासांत द्यावयाच्या आहेत. जलद उपलब्धतेसाठी नोंदी संगणकावर घेण्याचा प्रयत्न करावा, असेही त्यांतच म्हटले आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवे विनियम आले आणि त्याच महिन्यात ते स्थगित होऊन २००२ चेच पुन्हा लागू झाले. तीन वर्षे ही किमान मर्यादा आहे. सिकलसेलच्या मुलाला तीन वर्षांत काय पुरे पडणार?

आता जुन्या डिस्कचे पुढे काय करावयाचे? तिला नव्या संगणकात कायमची बसवून निर्धास्त होण्याची पद्धत मला पसंत नाही. दहा वर्षे फिरलेली चकती नव्या घरात आली म्हणून तरुण होत नाही. तिला जोडावे, तिच्यावरील सारे दोन नव्या डिस्कांवर उतरवावे, त्यांतील एक प्रत दवाखान्याबाहेर ठेवावी, आणि मगच जुनीकडे निरोपाच्या दृष्टीने पाहावे. निरोपही नीट द्यावा. फाइल 'डिलीट' केल्याने ती जात नाही. सूचीतून तिचे नाव जाते आणि बाजारात सहज मिळणाऱ्या प्रोग्रामने ती परत काढता येते. संपूर्ण डिस्कवर नवा मजकूर लिहून ती पुसावी, किंवा भोक पाडून आतील चकत्या निकामी कराव्यात. आपल्याएवढ्या गावात कोणाला कोणता आजार होता, कोणाचा गर्भपात झाला, कोण मनोविकारावर औषध घेतो, हे कबाड्याच्या दुकानातून चौकात येणे किती सोपे आहे! डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले. परंतु रुग्णाचे गुपित राखण्यासाठी आपण कायद्याची वाट पाहत बसावे, हे आपल्या व्यवसायास शोभणारे नाही.

जाता जाता एक सूचना नव्या यंत्राविषयी. नवी विंडोज पुष्कळदा आपल्याला फारसे न विचारता डिस्क कूटबद्ध करून टाकते. चोरीच्या दृष्टीने ते उत्तमच. पण पुढे हीच डिस्क दुसऱ्या संगणकात लावण्याची वेळ येईल तेव्हा ती अठ्ठेचाळीस अंकी किल्ली मागेल. ती किल्ली आजच कागदावर उतरवून दवाखान्याच्या नोंदणी प्रमाणपत्राबरोबर ठेवावी, आणि ती कोठे आहे हे घरातील एका माणसास सांगून ठेवावे. डॉक्टरही मर्त्य असतात आणि त्यांच्यानंतर रुग्ण नोंदी मागावयास येतातच.

आपल्या संस्थेने या कामी पुढाकार घ्यावा अशी माझी विनंती आहे. खर्च नगण्य आहे: दोन्ही प्रकारच्या डिस्का जोडणारे दोन अडॅप्टर, एक स्क्रूड्रायव्हरांचा संच, आणि जुन्या फॉन्टांचा तसेच युनिकोड परिवर्तकाचा संग्रह. हे सामान संस्थेच्या कपाटात ठेवावे आणि एखाद्या रविवारी सभासदांनी आपापल्या दुसऱ्या डिस्का घेऊन एकत्र यावे. तरुण सभासदांना केबली जोडता येतात, ज्येष्ठांना कोणत्या फाइलीत काय आहे हे ठाऊक असते. दोघे शेजारी बसले तर एका सकाळी चार-पाच डिस्का सहज मोजून होतील. बैहर, लांजी आणि वारासिवनीच्या सभासदांना त्या दिवशी येणे न जमल्यास अडॅप्टर त्यांच्याकडे आठवडाभर पाठविता येईल. मंडळाच्या जुन्या इतिवृत्तांची डिस्क ज्या कोणाकडे असेल त्यांनी ती त्या रविवारी आवर्जून आणावी, आणि जमल्यास ते जुने यंत्रही सोबत आणावे, कारण फॉन्ट बहुधा त्यातच आहेत.