‘शीर’ चढली की स्नायू फाटला?

सेनगाव तालुक्यातील साखऱ्यासारख्या गावी पहाटेच्या अंधारात रस्त्याने धावणारी मुले दिसली की खुशाल ओळखावे, पोलीसभरती जवळ आली! 1600 मीटर दमाने निभतात. घात करते ती 100 मीटरची दौड. भरधाव गडी एकाएकी मांडी मागून धरून लंगडत थांबतो आणि भोवतालची मंडळी निदान करून मोकळी होतात, “शीर चढली!” मग तेल येते, मालीश येते, आणि दोन दिवसांनी “पळ की आता!” हा आग्रहही येतो.

मराठी शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला या निदानाची धास्तीच वाटते. आपल्याकडे रक्तवाहिनी शीर, मज्जातंतू शीर, स्नायूचा दोरही शीरच! येथे दुखावतो तो बहुधा स्नायू. बैठकीच्या हाडापासून गुडघ्याखालपर्यंत मांडीमागून तीन स्नायू उतरतात. डॉक्टर त्यांना हॅमस्ट्रिंग म्हणतात. पुढे झेपावलेला पाय आवरणे हे त्यांचे काम, आणि नेमक्या त्या ताणात तंतू तुटतात.

शहरातल्या घरीही शाळेच्या स्पर्धेत धावणारे कोणी असतेच, म्हणून सांगतो. पेटका असेल तर पाय ताणून धरताच काही मिनिटांत सुटतो. कमरेच्या मज्जातंतूचे दुखणे असेल तर मुंग्या, जळजळ पोटरीपर्यंत उतरते. स्नायू फाटला तर तो क्षण खेळाडूला पक्का आठवतो. पालथे निजवून मांडी चाचपावी. एका जागी बोट लागताच तो कळवळतो. टाच धरून ठेवून गुडघा वाकवायला सांगितले, तरी तेथेच दुखते. काळेनिळे मात्र एकदोन दिवसांनी उमटते, तेही कधी पार गुडघ्याजवळ! वाढत्या वयाच्या मुलाला बैठकीच्या हाडाशीच दुखत असेल तर एक्स-रे काढावाच. त्या वयात कधी स्नायूऐवजी हाडाचा तुकडाच निखळतो.

आणि दुखणे थांबले म्हणजे जखम भरली असे नव्हे. रोहित शर्माचेच पाहा. ऑक्टोबर 2020 मध्ये त्याचा हा स्नायू दुखावला. 10 नोव्हेंबरला आयपीएलच्या अंतिम सामन्यात त्याने 68 धावा काढल्या. तरी बंगळूरच्या अकादमीतील तंदुरुस्तीची चाचणी पार पडायला 11 डिसेंबर उजाडला. पुढल्या डिसेंबरात पुन्हा तेच दुखणे, आणि दक्षिण आफ्रिकेतील कसोटी मालिका हुकली. ज्याच्या दिमतीला फिजिओ आणि स्कॅन, त्याची ही गत! साखऱ्याच्या पोराजवळ असते भरतीची तारीख आणि तेलाची वाटी.

तेव्हा पहिले काही दिवस मालीश नको. फडक्यात बर्फ गुंडाळून शेकावे आणि डॉक्टरांना दाखवावे. तेथे ‘शीर चढली’ म्हणू नये. कितव्या पावलाला कळ आली, आवाज झाला का, बोट नेमके कोठे दुखते, ते सांगावे.